साथीचे गणित आणि वरळी कोळीवाडा : संगणकीय संशोधनाच्या उपयोजनाचा एक इतिहास

मुंबई शहर आणि साथीचे गणित यांचा संबंध सुमारे शंभर वर्षांचा आहे. या कालखंडाच्या आरंभी शहराने केवळ मृत्यूंचे आकडे पुरविले आणि गणित इतरांनी केले. त्याच्या अखेरीस शहरातीलच एका संशोधनसंस्थेने शहराचे गणित मांडले. या दोन टोकांमधील अंतर सामान्यतः यंत्रांच्या प्रगतीच्या भाषेत सांगितले जाते. ते वर्णन खोटे नाही, परंतु अपुरे आहे. संगणनशास्त्रातील संशोधन लोकव्यवहारात उतरते तेव्हा त्याची उपयुक्तता यंत्राच्या वेगाइतकीच, किंबहुना काही वेळा त्याहूनही अधिक, समाजाची मोजदाद कोणत्या वर्गवारीने झाली आहे यावर अवलंबून असते. २०२० मधील करोनाच्या साथीत वरळी कोळीवाड्याची जी स्थिती झाली, तिच्या आधारे हा मुद्दा तपासता येतो.

प्रथम पूर्वपीठिका पाहणे अवश्य आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी विभागात डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस यांनी ग्रंथिक सन्निपाताचे, म्हणजे प्लेगचे, निदान केले. पुढील वर्षी साथरोग कायदा अस्तित्वात आला आणि १८९८ मध्ये शहर सुधारणा मंडळाची, म्हणजे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची, स्थापना झाली. तथापि प्लेग हटला नाही. वर्षानुवर्षे ठराविक ऋतूत तो परतत राहिला. त्यांपैकी १७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६ या काळातील साप्ताहिक मृत्यूंची आकडेवारी पुढे एडिंबरो येथे विल्यम कर्मॅक आणि अँडरसन मॅकेंड्रिक या दोन संशोधकांच्या हाती आली. मॅकेंड्रिक हे भारतीय वैद्यकीय सेवेत होते आणि कसौलीच्या पाश्चर संस्थेत त्यांनी काम केले होते. या उभयतांनी १९२७ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या कार्यवृत्तात प्रसिद्ध केलेला निबंध आज साथीच्या गणिती सिद्धान्ताचा पाया मानला जातो. त्यातील सूत्राची वास्तवाशी सांगड दाखविण्यासाठी त्यांनी निवडलेला आलेख मुंबईच्या प्लेगचा होता.

या सूत्राची मांडणी साधी होती. लोकसंख्येचे तीन भाग कल्पावयाचे : रोग होऊ शकणारे, रोग पसरविणारे, आणि बरे होऊन किंवा मरून या व्यवहारातून बाहेर पडलेले. पहिल्या दोन गटांच्या संपर्काच्या प्रमाणात नवे रोगी निर्माण होतात. पहिला गट एका मर्यादेखाली घटला की साथ आपोआप ओसरू लागते. प्लेगचे बहुतेक रोगी दगावत असल्यामुळे मृत्यूंची संख्या हीच तिसऱ्या गटात जाणाऱ्यांची संख्या मानता आली. शिखराच्या काळात आठवड्याला सुमारे नऊशे मृत्यू दाखविणारी वक्ररेषा नोंदलेल्या आकड्यांशी चांगली जुळली. परंतु सूत्रामध्ये संपूर्ण शहर एकजिनसी होते. गिरगावचा रहिवासी, परळचा गिरणी कामगार आणि वरळीचा कोळी यांच्यात सूत्राला भेद नव्हता. उंदीर, पिसू आणि ऋतुमान यांच्या संदर्भातील गृहीतेही ढोबळ होती, आणि ती काटेकोरपणे खरी नाहीत हे निबंधकर्त्यांनी स्वतःच मान्य केले होते. पुढील अभ्यासकांनी ऋतुमानाकडे झालेले हे दुर्लक्ष विशेषत्वाने दाखवून दिले आहे.

एकजिनसीपणाचे हे गृहीत केवळ सोयीचे नव्हते. गणनसाधनांच्या मर्यादेमुळे ते अपरिहार्य होते. ही मर्यादा किती मोठी होती याची कल्पना मुंबईच्याच दुसऱ्या एका इतिहासावरून येते. १९४५ मध्ये स्थापन झालेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रंगस्वामी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली एका तरुण गटाने गणकयंत्र बांधण्यास आरंभ केला. प्रायोगिक यंत्र १९५६ मध्ये चालू झाले आणि पूर्ण आकाराचे यंत्र १९६० मध्ये वापरात आले. कुलाबा येथील संस्थेच्या नव्या वास्तूचे उद्घाटन जानेवारी १९६२ मध्ये झाले, त्या वेळी पंडित नेहरूंनी या यंत्राला ‘टीफ्रॅक’ हे नाव दिले. सुमारे २,७०० निर्वात नळ्यांच्या या यंत्राच्या स्मृतीत २,०४८ शब्द मावत. १९६१ च्या जनगणनेनुसार बृहन्मुंबईची लोकसंख्या ४१ लाखांहून अधिक होती. प्रत्येक नागरिकाला स्मृतीतील एकच शब्द द्यावयाचा म्हटले, तरी त्या क्षमतेची दोन हजारांहून अधिक यंत्रे लागली असती. १९६४ मध्ये संस्थेत सीडीसी ३६०० हे फार मोठे यंत्र आले आणि देशातील अनेक संशोधकांची गणिते तेथे होऊ लागली. तरीही एकेका व्यक्तीचा मागोवा घेत शहराचे गणित करणे हे त्या पिढीच्या आवाक्याबाहेरच राहिले.

ते आवाक्यात आले तो प्रसंग २०२० चा होय. वरळीच्या भूशिराच्या उत्तर टोकाला, किल्ल्याच्या सान्निध्यात, समुद्राला लागून असलेली कोळ्यांची वस्ती ही मुंबईच्या मूळच्या सात बेटांवरील जुन्या वस्त्यांपैकी एक आहे. अरुंद गल्ल्या, एकमेकींना टेकलेली घरे, किनाऱ्यावरील होड्या व जाळी असे तिचे रूप आहे. मार्च २०२० च्या अखेरीस येथे करोनाचे रुग्ण आढळले आणि संपूर्ण वस्तीच्या सीमा बंद करण्यात आल्या. शहरातील अशा पहिल्या मोठ्या प्रतिबंधित क्षेत्रांत तिची गणना होते. ज्या कायद्याच्या आधारे राज्यात साथनियंत्रणाचे नियम लागू झाले, तो १८९७ चाच साथरोग कायदा होता. एप्रिलमध्ये वरळीचा समावेश असलेला जी-दक्षिण हा महापालिकेचा विभाग शहरातील सर्वाधिक बाधित विभागांत होता, आणि वरळीतील राष्ट्रीय क्रीडा क्लबच्या घुमटाकार सभागृहात विलगीकरणाची सोय करण्यात आली होती.

याच महिन्यांत टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील संगणनशास्त्र विभाग आणि बंगळूर येथील भारतीय विज्ञान संस्था यांतील संशोधकांनी मिळून शहराचे एक संगणकीय प्रतिमान तयार केले. संदीप जुनेजा, प्रल्हाद हर्ष, रामप्रसाद सप्तर्षी, पीयूष श्रीवास्तव, राजेश सुंदरेशन इत्यादींचा या कार्यात सहभाग होता. यांपैकी बहुतेकांचे मूळ क्षेत्र संभाव्यता, गणनाची जटिलता किंवा संदेशवहनाचे गणित हे होते, वैद्यक नव्हे. शुद्ध सिद्धान्तात रमलेल्या विभागाने इतक्या थोड्या अवधीत नागरी प्रशासनाच्या प्रश्नास हात घालावा, ही घटना विद्यापीठीय संशोधनाच्या इतिहासात नोंद घेण्याजोगी आहे.

प्रतिमानाची रचना कर्मॅक–मॅकेंड्रिक सूत्राच्या नेमकी उलट होती. तेथे शहर म्हणजे तीन राशी. येथे सुमारे १ कोटी २४ लक्ष कल्पित व्यक्ती, म्हणजे २०११ च्या जनगणनेतील मुंबईच्या लोकसंख्येइतक्या. प्रत्येक व्यक्तीला वय, घर आणि यथायोग्य शाळा किंवा कामाचे ठिकाण नेमून दिलेले. दिवसाचे चार भाग करून प्रत्येक भागात एकेका व्यक्तीला घरी, कामावर, शेजारात, विभागात व लोकल गाडीत किती संसर्गाला सामोरे जावे लागते याची बेरीज करावयाची आणि त्यावरून बाधा होण्याची संभाव्यता काढावयाची, ही पद्धत. झोपडपट्टीतील व्यक्तींसाठी सामुदायिक संपर्काचे प्रमाण अधिक धरलेले होते. ५ जून २०२० च्या अहवालात टाळेबंदीतून टप्प्याटप्प्याने बाहेर पडण्याच्या शक्यता या रीतीने तपासण्यात आल्या. कार्यालयांतील उपस्थिती प्रारंभी वीस ते तेहेतीस टक्के ठेवल्यास जून-जुलैमधील रुग्णवाढ वैद्यकीय व्यवस्थेला झेपेल, असा त्याचा मुख्य निष्कर्ष होता. प्रतिबंधित क्षेत्रांचा परिणाम आणि लोकांकडून नियमांचे होणारे पालन हे घटकही त्यात अंतर्भूत होते. नोव्हेंबरच्या पुढील अहवालात तर गणेशोत्सव, नवरात्र व दिवाळी यांमधील वाढत्या गाठीभेटींचाही हिशेब करण्याचा प्रयत्न झाला. शहराचे गणित शहरातच होऊ लागले की काय फरक पडतो, याचे हे बोलके उदाहरण होय. एडिंबरोच्या सूत्रात गणेशोत्सवाला जागा असणे संभवनीय नव्हते.

असे असूनही कोळीवाड्याचा प्रश्न शिल्लक राहतो, आणि तो तपशिलाचा नसून तत्त्वाचा आहे. प्रतिमानात वस्तीचे प्रकार दोन : झोपडपट्टी आणि झोपडपट्टीखेरीज इतर. ही वर्गवारी संशोधकांनी कल्पिलेली नव्हती. उपलब्ध जनगणना त्याच स्वरूपात होती. वरळीत मात्र या दोन प्रकारांच्या मधील वस्त्याच अधिक ठळक आहेत. कोळीवाडे ही गावठाणे आहेत, त्यांना झोपडपट्टी समजणे अन्यायाचे आहे, ही तेथील रहिवाशांची जुनी भूमिका आहे आणि तिला जमिनीच्या हक्काचा संदर्भ आहे. दाटीच्या दृष्टीने पाहिल्यास मात्र त्या गल्ल्यांतील संपर्क पक्क्या इमारतींसारखा मानता येत नाही. दुसरे उदाहरण १९२० नंतरच्या दशकात बांधलेल्या वरळीच्या बीडीडी चाळींचे. एका खोलीचे गाळे आणि मजल्यावरील सामायिक शौचालये हा त्यांचा मूळ आराखडा. तरी सरकारी पक्क्या इमारती म्हणून त्या झोपडपट्टीत मोडत नाहीत. म्हणजे मालकीहक्काच्या संदर्भात योग्य ठरणारी वर्गवारी संसर्गाच्या संदर्भात फसवी ठरू शकते, आणि संसर्गासाठी सोयीची वर्गवारी हक्काच्या संदर्भात घातक ठरू शकते.

व्यवसायाचीही तीच गोष्ट. घर, शाळा, कामाचे ठिकाण, शेजार, विभाग आणि लोकल गाडी या संपर्कस्थानांच्या यादीत होडी आणि मासळीबाजार यांना वेगळे स्थान नाही. कोळ्यांच्या व्यवहारात पुरुषांचे काम होडीवर चालते, तर स्त्रिया मासळी घेऊन बाजारांत व दारोदार जातात. कुटुंबाचा बाहेरील जगाशी येणारा बराचसा संपर्क या विक्रेत्या स्त्रियांच्या द्वारा घडतो. कार्यालयातील उपस्थितीचे शेकडा प्रमाण या व्यवहाराला लावता येत नाही. साऱ्या शहराच्या बेरजेत ही त्रुटी नगण्य ठरेल. परंतु वस्तीच्या सीमा बंद करण्याचा निर्णय बेरजेवर घेतला जात नाही, एका विशिष्ट वस्तीवर घेतला जातो.

वर्गवारीचे महत्त्व त्याच वर्षी प्रत्यक्ष रक्तचाचणीनेही सिद्ध झाले. जुलै २०२० मध्ये नीती आयोग, बृहन्मुंबई महानगरपालिका आणि टाटा मूलभूत संशोधन संस्था यांनी इतर संस्थांच्या साहाय्याने तीन विभागांत ६,९३६ नमुने तपासले. झोपडपट्ट्यांत सुमारे ५७ टक्के लोकांच्या रक्तात प्रतिपिंडे आढळली. अन्यत्र सुमारे १६ टक्के. एकाच शहरात, एकाच साथीत, इतका मोठा फरक असल्यामुळे १९२७ च्या पद्धतीचे एकजिनसी शहर कल्पिणे किती दिशाभूल करणारे ठरले असते, हे उघड झाले. परंतु निवडलेले विभाग आर-उत्तर, एम-पश्चिम आणि एफ-उत्तर हे होते. वरळीचा जी-दक्षिण त्यांत नव्हता. त्यामुळे ५७ आणि १६ या दोन अंकांपैकी कोळीवाड्याला कोणता लागू करावा, किंवा दोहोंपैकी एकही लागू करावा काय, याचा निर्णय त्या आकड्यांवरून होऊ शकत नाही.

प्रतिमानाची दुसरी कसोटी १९०५-०६ च्या आकडेवारीत नसलेल्या प्रकारची होती. नोव्हेंबर २०२० च्या अहवालानुसार, पुरेशी वैद्यकीय सोय असल्यास शहर पूर्ण खुले करण्याचे परिणाम आटोक्यात राहण्यासारखे होते. फेब्रुवारी २०२१ पासून मात्र दुसरी लाट उसळली. जुनेजा आणि दक्ष मित्तल यांनी त्याच प्रतिमानावर नाना शक्यता पडताळून पाहिल्या. लोकांचा ढिलेपणा, पुनर्बाधा, लोकलमधील गर्दी यांपैकी कोणतेही कारण मार्चअखेरच्या आकस्मिक चढाला पुरेसे ठरेना. अत्यंत संसर्गक्षम अशा नव्या विषाणुप्रकाराचे अल्प बीज फेब्रुवारीच्या आरंभी शहरात असणे, हेच सर्वाधिक संभाव्य स्पष्टीकरण निघाले. भाकितापेक्षा कारणांची निवड करण्यात प्रतिमान अधिक उपयुक्त ठरले, असे यावरून म्हणता येते.

या उपयोजनाचा लाभ सिद्धान्तालाही झाला. कोट्यवधी व्यक्तींचे प्रतिमान वारंवार चालविणे खर्चिक असल्याने लहान शहर कल्पून उत्तर पटीने वाढविण्याचा मोह होतो. परंतु साथीच्या आरंभी, रुग्ण मोजकेच असताना, यदृच्छेचा प्रभाव मोठा असतो आणि सरळ गुणाकार चुकतो. हा आरंभीचा काळ वेगळा हाताळून, कालमापन योग्य तेवढे सरकवून लहान प्रतिमानावरून मोठ्याचे उत्तर कसे काढावे, याचे संभाव्यताशास्त्रीय विवेचन याच कामातून पुढे आले. व्यवहाराने सिद्धान्ताला प्रश्न पुरवावा, ही परंपरा यंत्रबांधणीपासून त्या संस्थेत होतीच.

या इतिहासाचे तात्पर्य यंत्राच्या गौरवात नाही आणि यंत्राच्या दोषदिग्दर्शनातही नाही. १९२७ मध्ये व्यक्तींचा हिशेब करण्याचे साधन नव्हते, म्हणून वरळीचा कोळी सूत्रात दिसला नाही. २०२० मध्ये साधन होते. त्याला जागा देता येईल अशी नोंद नव्हती. पहिली उणीव संगणनशास्त्राने भरून काढली. दुसरी भरून काढणे एकट्या संगणनशास्त्राच्या सामर्थ्याबाहेरचे आहे. त्यासाठी घराचे क्षेत्र, सामायिक पाणी व शौचालय, उपजीविकेचे स्थळ व वेळ यांची नोंद मालकीहक्काच्या वर्गवारीपासून अलग ठेवून घेतली पाहिजे, आणि ती नोंद आपल्या जमिनीच्या दाव्याविरुद्ध वापरली जाणार नाही अशी खात्री रहिवाशांना मिळाली पाहिजे. ही खात्री नसेल तर कोळीवाड्यातील कुटुंबाने गणना करणाऱ्याला आपल्या घराची दाटी मोकळेपणाने सांगावी, अशी अपेक्षा करता येणार नाही. आणि ती माहिती नसेल तर पुढील साथीतही त्या वस्तीचे गणित शेजारच्या कोणत्यातरी सरासरीवरूनच करावे लागेल.