ब्रिटिश राष्ट्रीय ओळख आणि मिश्र वंशपरंपरा

ब्रिटिश राष्ट्रीय ओळख ही इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड या युनायटेड किंग्डमच्या चार घटकांना व्यापणारी सामाईक ओळख होय. नागरिकत्व ही कायद्याने ठरणारी, तर वंशपरंपरा ही कुटुंबाकडून येणारी बाब आहे; राष्ट्रीय ओळख मात्र व्यक्ती स्वतः सांगते. मिश्र वंशाच्या कुटुंबांच्या बाबतीत या तिन्हींतील फरक विशेषत्वाने दिसून येतो.

इतिहास

इ.स. १७०७ मध्ये इंग्लंड व स्कॉटलंड या राज्यांचे एकीकरण होऊन ग्रेट ब्रिटनचे राज्य अस्तित्वात आले. ब्रिटिशत्वाची भावना प्रामुख्याने प्रॉटेस्टंट पंथ आणि फ्रान्सबरोबरची युद्धे यांतून घडली, असे मत इतिहासकार लिंडा कॉली यांनी मांडले आहे. साम्राज्य व सागरी व्यापार यांमुळे लंडन, लिव्हरपूल, कार्डिफ इत्यादी बंदरांच्या शहरांत आफ्रिकी, कॅरिबियन, अरब, भारतीय व चिनी खलाशी स्थायिक झाले आणि तेथे मिश्र कुटुंबे निर्माण झाली.

नागरिकत्वाचा कायदा

इ.स. १८७० च्या कायद्यानुसार परदेशी पुरुषाशी विवाह करणाऱ्या ब्रिटिश स्त्रीचे ब्रिटिश राष्ट्रीयत्व संपुष्टात येत असे. पुढे या नियमात काही सवलती देण्यात आल्या; तथापि तो पूर्णपणे रद्द झाला १९४८ च्या कायद्याने, १ जानेवारी १९४९ पासून. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४५-४६ मध्ये, ब्रिटिश शासनाने लिव्हरपूलमधील अनेक चिनी खलाशांची सक्तीने परत पाठवणी केली. त्यांपैकी काहींच्या पत्नी ब्रिटनमध्येच जन्मलेल्या होत्या. परंतु चिनी पुरुषाशी विवाह केल्यामुळे कायद्याच्या दृष्टीने त्या परदेशी ठरल्या होत्या. आपले वडील कुटुंब सोडून गेले, असाच अनेक मुलांचा दीर्घकाळ समज राहिला.

१९४८ च्या कायद्यातही परदेशात जन्मलेल्या अपत्यास वंशपरंपरेने मिळणारे नागरिकत्व केवळ पित्याकडूनच मिळत असे. १९८१ च्या कायद्याने हा अधिकार मातेलाही मिळाला. तो कायदा १ जानेवारी १९८३ पासून लागू झाला.

जनगणना

ब्रिटनच्या जनगणनेत वांशिक गटाचा प्रश्न प्रथम १९९१ मध्ये विचारण्यात आला. इंग्लंड व वेल्समध्ये 'मिश्र' हा स्वतंत्र गट २००१ पासून, तर राष्ट्रीय ओळखीचा प्रश्न २०११ पासून समाविष्ट आहे. मिश्र गटाचे प्रमाण २०११ मध्ये २.२ टक्के होते. २०२१ मध्ये ते २.९ टक्के, म्हणजे सुमारे १७ लाख झाले.

केवळ 'ब्रिटिश' अशी ओळख नोंदवणाऱ्यांचे प्रमाण याच काळात १९.१ वरून ५४.८ टक्क्यांवर गेले, तर केवळ 'इंग्लिश' म्हणणाऱ्यांचे ५७.७ वरून १४.९ टक्क्यांवर आले. इंग्लंडमधील प्रश्नावलीत २०२१ साली 'ब्रिटिश' हा पर्याय यादीत सर्वांत वर आणण्यात आला होता. त्यामुळे या बदलावरून लोकभावनेविषयी थेट निष्कर्ष काढता येत नाही.

उल्लेखनीय व्यक्ती

- मेरी सीकोल – क्रिमियन युद्धात सैनिकांची शुश्रूषा करणाऱ्या. जन्म जमैकातील किंग्स्टन येथे. वडील स्कॉटिश सैनिक.
- सॅम्युएल कोलरिज-टेलर (जन्म १८७५) – संगीतकार. वडील सिएरा लिओनचे, आई इंग्लिश.
- मर्ल ओबेरॉन (१९११–१९७९) – अभिनेत्री. जन्म मुंबई येथे. आपली मिश्र वंशपरंपरा लपवण्यासाठी त्या टास्मानिया हे आपले जन्मस्थान सांगत.