बाहुल्या काळ्या मुलांपुढेच का ठेवल्या?

"भेदभाव मनात असतो हो, आधी मने बदला." हे वाक्य आपण सर्वांनी ऐकले आहे. ऐकवणारा बहुधा अशा सोसायटीत राहतो, जिथे आडनाव कळल्यावर आपल्याला भाड्याने खोली मिळत नाही. मने बदलायची तर ती घडतात कुठे, हे आधी पाहावे लागेल. अमेरिकेत हा प्रश्न थेट सर्वोच्च न्यायालयात गेला होता.

केनेथ आणि मेमी क्लार्क हे कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञ दांपत्य. दोघांचीही पीएच.डी. कोलंबियाची, म्हणजे बाबासाहेबांच्याच विद्यापीठाची. १९४०च्या सुमारास त्यांनी तीन ते सात वर्षांच्या २५३ काळ्या मुलांपुढे चार बाहुल्या ठेवल्या. दोन गोऱ्या, दोन तपकिरी, बाकी सारे हुबेहूब. ६७ टक्के मुलांनी खेळायला गोरी मागितली. ५९ टक्क्यांनी तपकिरी बाहुली 'वाईट' ठरवली. मग शेवटचा प्रश्न: यातली तुझ्यासारखी कोणती? काही मुले रडत खोलीबाहेर पळाली.

१७ मे १९५४ रोजी ब्राउन खटल्यात न्यायालयाने सरकारी शाळांतले वंशविलगीकरण एकमताने घटनाबाह्य ठरवले. निकालाच्या अकराव्या तळटीपेत क्लार्क यांचे नाव आहे. विजय मोठाच होता. पण निकालात न्यूनगंड आहे तो काळ्या मुलांचा. वेगळ्या शाळेत गोऱ्या मुलाच्या मनात काय भरले जाते, यावर निकाल गप्प आहे. बहुसंख्याक समाजाच्या मुलांचेही यात नुकसान होते, असे समाजशास्त्रज्ञांनी १९५२ साली न्यायालयाला दिलेल्या निवेदनात लिहिले होते. ते लिहिणाऱ्यांत क्लार्कही होते. तरी रोग पसरवणारा तपासणीतून सुटला आणि रोगी म्हणून नोंद झाली ती फक्त ज्याला रोग दिला त्याची! (आपल्या 'दलितोद्धारा'च्या भाषेतही हेच होते.)

गोरा मूल कुठे वाढत होते? न्यूयॉर्कजवळचे लेव्हिटाउन घ्या. १९४७ पासून तिथे हजारो घरे उभी राहिली. तिथल्या सुरुवातीच्या भाडेकरारातच अट होती, की गोऱ्यांखेरीज कुणीही ते घर वापरायचे नाही. अपवाद एकच: घरकाम करणारे नोकर. सरकारी गृहकर्ज-विमा योजनाही अशाच वस्त्यांच्या पाठीशी होती. आता त्या घरातल्या मुलाचा विचार करा. आईबाप सज्जन असतील, काळ्यांविषयी वाईट शब्द घरात कधी उच्चारला नसेल. तरीही त्याला काळा माणूस दिसतो तो झाडू घेऊन, मागच्या दाराने येणारा. शेजारी म्हणून नाही, शिक्षक म्हणून नाही, वर्गमित्र म्हणून तर नाहीच. त्याला वेगळा वंशवाद शिकवण्याची गरजच काय? गावकुसाने आपल्याकडे हेच काम शतकानुशतके केले.

विलगीकरणाच्या बाजूचे वकील जॉन डेव्हिस यांनी न्यायालयात एक आकडा पुढे केला होता. वेगळ्या शाळा असलेल्या दक्षिणेत ६२ टक्के मुलांनी गोरी बाहुली निवडली, तर मिश्र शाळांच्या उत्तरेत ७२ टक्क्यांनी. मग वेगळ्या शाळांनी काय बिघडले? आकडा खरा आहे, तो लपवू नये. क्लार्क यांचे म्हणणे असे, की दक्षिणेतली मुले शांत दिसतात ती निमूट शरण गेल्यामुळे. मला आणखी एक वाटते: एका बाकावर बसवल्याने वस्ती, दुकाने आणि नोकऱ्या एक होत नाहीत. ती हीनता मूल शाळेबाहेरूनही गोळा करते.

आणि गोऱ्या बाजूने निकालाला काय उत्तर दिले? व्हर्जिनियातला प्रिन्स एडवर्ड परगणा ब्राउन खटल्यातलाच. १९५१ साली १६ वर्षांच्या बार्बरा जॉन्सने तिथे काळ्या विद्यार्थ्यांचा संप घडवला होता. १९५९ मध्ये मुले एकत्र बसवण्याची वेळ आली, तेव्हा परगण्याने सगळ्या सरकारी शाळांनाच कुलूप लावले. गोऱ्या मुलांसाठी लगेच खासगी शाळा उघडली. काळ्या मुलांपैकी अनेकांची शिक्षणाची वर्षे वाया गेली. कुलपे निघाली ती १९६४ मध्ये, पुन्हा सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर. तेव्हाही गोऱ्यांची बहुतेक मुले त्या खासगी शाळेतच राहिली.