मोरस

आमच्या चौघींच्या ग्रुपचं नाव आधी 'गोवा नक्की' होतं. तीन वर्षं गोवा काही झाला नाही, मग एकीने ते बदलून 'मॉरिशस नक्की' केलं. मुंबईहून विमानाने साधारण सहा तास, भारतीय पासपोर्टला आधीपासून व्हिसा काढायची कटकट नाही, घड्याळ फक्त दीड तास मागे. मे ते ऑक्टोबर तिकडे हिवाळा, म्हणजे चक्रीवादळांचीही भीती नाही. शीट तयार झाली. बीच, डॉल्फिन, स्कूबा, पुन्हा बीच.

मी घरी फोन करून सांगितलं. आई म्हणाली, "म्हणजे आजीचं मोरस."

आमची आजी चिपळूणची. रोजच्या चहाला गूळ, पाहुणे आले तर 'मोरस साखर'. लहानपणी मला वाटायचं, मोरस हा कुठला तरी ब्रँड असणार. तो ब्रँड नव्हता, तो देश होता. एकोणिसाव्या शतकात मॉरिशसची पांढरी साखर जहाजांतून मुंबईत उतरायची आणि देशाचं नाव सोबत घेऊन यायची. गुजरातीत तर अजूनही साखरेला मोरस म्हणतात. हिंदीतली 'चीनी' चीनवरून, तशीच ही.

पण आजीच्या तोंडी त्या शब्दाला दुसराही अर्थ होता. तिच्या आजोबांचा एक काका मोरसला गेला आणि परत आला नाही. सर्वपित्रीला ती एक पान जास्त वाढायची, कारण त्याची तिथी कुणालाच ठाऊक नव्हती.

मग मी शीट बाजूला ठेवून वाचत बसले.

या बेटावर मुळात माणसं राहतच नव्हती. १५९८ साली डच आले, त्यांनी आपल्या राजपुत्राचं नाव बेटाला दिलं, एबनीची काळी लाकडं तोडली, १६३९ मध्ये जावाहून ऊस आणला. डोडो पक्षी त्याआधी हजारो वर्षं निवांत होता. त्याला उडता येत नव्हतं आणि माणसांची भीती माहीत नव्हती. १६६२ नंतर तो दिसल्याची खात्रीची नोंद नाही. डच गेले, फ्रेंच आले, त्यांनी मादागास्कर आणि मोझांबिकहून गुलाम आणले. १८१० मध्ये इंग्रजांनी बेट घेतलं. १ फेब्रुवारी १८३५ ला गुलामगिरी संपली. नुकसानभरपाई मिळाली ती मालकांना. गुलामांना नाही.

ऊस मात्र उभाच होता. तो कोण तोडणार?

२ नोव्हेंबर १८३४ ला 'ॲटलास' नावाचं जहाज कलकत्त्याहून मजूर घेऊन पोर्ट लुईला लागलं. तिथून १९२० पर्यंत जवळजवळ पाच लाख लोक आले. सगळ्यांत जास्त बिहार आणि आसपासचे, मग तमिळ, तेलुगू. मुंबई बंदरातून गेलेल्यांत कोकणातले आपले लोक होते. करार पाच वर्षांचा, पगार महिना पाच रुपये, वर तांदूळ, डाळ, मीठ. ऐकायला वाईट नाही. पण एक दिवस कामावर गेलं नाही तर दोन दिवसांचा पगार कापायचे. आजारी पडलात तरी हिशेब तोच. करार संपलेल्या माणसालाही १८६७ च्या कायद्यानंतर फोटो लावलेला पास खिशात ठेवूनच फिरावं लागे. पास नसेल तर भटक्या ठरवून तुरुंगात.

बंदरावर त्यांना उतरवायची जागा अजून आहे, आप्रवासी घाट. समुद्रातून वर येणाऱ्या सोळा दगडी पायऱ्या. २००६ पासून ती जागतिक वारसा यादीत आहे. आमच्या शीटमध्ये ती नव्हती. आमच्या रिसॉर्टवाल्या पॅकेजमध्येही नव्हती. ज्या किनाऱ्याजवळ आम्ही राहणार, तिथलाच ल मोर्न डोंगर पळून गेलेल्या गुलामांची लपायची जागा होता, हे तर पॅकेजने सांगितलंच नव्हतं. फोटोत तो फक्त सुंदर दिसतो.

प्राण्यांचं पान मला सगळ्यात आवडलं, खरं सांगते. मॉरिशसचा छोटा ससाणा १९७४ साली रानात फक्त चार उरला होता. जंगल तुटलेलं, वर डीडीटीची फवारणी. कार्ल जोन्स नावाच्या वेल्श माणसाने युक्ती केली: मादीने घातलेली पहिली अंडी उचलून कृत्रिम उष्णतेत उबवायची, म्हणजे ती पुन्हा घालते. आज ते ससाणे शेकड्यांत आहेत. गुलाबी कबुतरंही अशीच दहाच्या आसपास उरलेली, ती वाचली. ईल ओ झेग्रेत या चिमुकल्या बेटावर तर नामशेष झालेल्या स्थानिक कासवांच्या जागी अल्दाब्राची महाकाय कासवं आणून सोडली आहेत, कारण झाडांच्या बिया पसरवायला कुणीतरी हवं. डॉल्फिन काढून मी हे घातलं. ग्रुपमध्ये दोन दिवस अबोला.

दुसरं भांडण घरी झालं. मॉरिशसला गणेश चतुर्थीची सरकारी सुट्टी असते. कास्कावेलसारख्या गावांत मराठी घरं आहेत, घरात बोलतात क्रिओल, पण गणपतीपुढे झाकरी नाचतात. आमची जाखडीच ती! मला तेव्हाच जायचं होतं. आई म्हणाली, "गणपतीत घर सोडून गणपती बघायला जाणार तू?" यावर कोकणात उत्तर नसतं. तिकिटं ऑक्टोबरची काढली.

राहिला तो काका. मजुरांची रजिस्टरं मोका गावातल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये जपून ठेवली आहेत. माणसाचं नाव, बापाचं नाव, गाव, जहाज. पुढच्या काळातल्या कित्येकांचे फोटोसुद्धा. पण शोधायचं तर निदान नाव हवं, आणि आमच्याकडे फक्त 'मोरसला गेलेला काका' होता. तिकडच्या कारकुनाने आपल्या नावाचं इंग्रजीत काय केलं असेल ते वेगळंच.

गेल्या रविवारी मामाचा फोन आला. त्याने रत्नागिरीच्या एका म्हाताऱ्या आत्याला विचारलं होतं. ती म्हणाली, त्यात शोधायचं काय? काका यायचा नाही हे कळल्यावर घरात जो मुलगा झाला त्याला त्याचंच नाव ठेवलं. म्हणजे आजीच्या आजोबांचं नाव तेच त्याचं नाव. बापाचं नावही माहीत आहे, गावही.

शीट उघडली. तिसऱ्या दिवशी सकाळी स्कूबा होतं. ते दुपारी सरकवलं आणि वरच्या रकान्यात त्याचं पूर्ण नाव लिहिलं.