दर्याचा नारळ

वनस्पतिसृष्टीतील सर्वांत मोठे बीज दर्याच्या नारळाचे होय. हे जोडनारळ कित्येक शतके मालदीवच्या किनाऱ्यास लागत. त्यांचा वृक्ष मात्र कोणाच्याही पाहण्यात नव्हता. पूर्वीची भूमी समुद्रात बुडाली व तिच्यावरील माडांचीच ही फळे, अशी लोकसमजूत गार्सिया द ऑर्टा याने १५६३ साली गोव्यात छापलेल्या आपल्या ग्रंथात नोंदविली आहे. रुम्फियसने तर वृक्षच समुद्रतळाशी कल्पिला. मालदीवात असा नारळ राजाच्या मालकीचा ठरे. एखादा अकस्मात धनवान झाला की त्यास तो सापडला असावा असे लोक म्हणत, असे तेथे १६०२ ते १६०७ अडकून पडलेला पिरार लिहितो. ही नोंद मोठी मार्मिक आहे.

१७६८ मध्ये सेशेल्समधील प्रालँ बेटावर हे माड आढळले आणि नारळाचे मोल उतरले. कोडे इतका काळ टिकण्याचे कारण बीजाच्या घडणीतच आहे. पंधरा-वीस किलो वजनाचे सजीव बीज पाण्यात बुडते. तरंगते ते आतून कुजून पोकळ झालेले कवच. त्यामुळे किनाऱ्यास लागलेले नारळ रुजण्याचा संभवच नव्हता. लोडोईसिया मालदिविका या शास्त्रीय नावात मालदीवविषयीचा तो जुना भ्रम अद्याप कायम आहे.