मंत्रचळ : घरच्यांना समजत नाही तेव्हा

मंत्र म्हणताना चूक झाली की माणूस भ्रमिष्ट होतो, या समजुतीतून ‘मंत्रचळ’ हा शब्द मराठीत रूढ झाला. आज मानसोपचारतज्ज्ञ तोच शब्द ‘ऑब्सेसिव्ह कम्पल्सिव्ह डिसऑर्डर’ अर्थात ओसीडी या विकारासाठी वापरतात. शब्द सोयीचा खरा, पण रुग्णाला वेडा ठरवायलाही तो पुरतो. वास्तविक या विकारात बहुतेकांचे भान शाबूत असते. हात स्वच्छ आहेत, कुलूप लागले आहे, हे कळत असते. तरीही मनातली शंका हटत नाही आणि ती शमवण्यासाठी तीच कृती पुन्हा करावी लागते. क्षणभर हायसे वाटते, आणि त्या हायसे वाटण्यानेच पुढची ओढ बळावते.

काही दिवसांआड येणारे पाणी पिंपांत, हंड्यांत भरून पुरवून वापरण्याची सवय सोलापूरच्या घरांना वर्षानुवर्षांची. अशा घरात एखाद्याने तासभर हात धुतले, तर रोग बाजूला राहतो आणि भांडण पाण्यावरून होते. उलट काही घरांत हेच धुणे-पुसणे ‘सोवळे कडक आहे’ म्हणून कौतुकाचे ठरते आणि उपचार लांबतात. सोवळे पूजा आटोपली की सुटते. मंत्रचळ सुटत नाही.

ज्यांची सक्ती केवळ मनातल्या मनात चालते, त्यांची कुचंबणा अधिक. देवासमोर अभद्र विचार येणे, आपल्या हातून मुलाला इजा होईल अशी भीती वाटणे, हे कोणाला सांगणार? असे विचार रुग्णाच्या इच्छेविरुद्ध येतात, म्हणूनच तो त्यांना घाबरतो. डॉक्टरांना हे प्रकार परिचित असतात. तेथे काही लपवू नये.

घरी सांगताना पाणी भरण्याच्या घाईची वेळ टाळावी. साऱ्या गोतावळ्याला सांगण्याचीही गरज नाही. विश्वासाचे एक माणूस पुरे. मराठी, तेलुगू वा कन्नड, घरात जी भाषा बोलली जाते तीत सरळ सांगावे : ‘हे निरर्थक आहे हे मला कळते, पण थांबलो तर जीव कासावीस होतो. मला टोमणे मारू नका, आणि माझ्याऐवजी कुलूपही तपासू नका.’ यातली दुसरी विनंती घरच्यांना चमत्कारिक वाटते. पण ‘होय, कुलूप लागले आहे’ असे दहादा सांगणारी प्रेमळ पत्नी नकळत विकारालाच खतपाणी घालते. मात्र ही मदत एकाएकी तोडू नये. उपचार करणाऱ्याच्या सल्ल्याने, रुग्णाला विश्वासात घेऊन हळूहळू कमी करावी.

उपचारांचे तत्त्वही हेच. भीती वाटेल ते पायरीपायरीने करायचे आणि नंतरची सक्तीची कृती रोखून धरायची. ही पद्धत लंडनमध्ये व्हिक्टर मेयर यांनी 1966 मध्ये मांडली. जोडीला फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन यांसारखी औषधे दिली जातात. त्यांचा परिणाम दिसण्यास अनेकदा आठ ते बारा आठवडे लागतात. ‘गुण नाही’ म्हणून तिसऱ्या आठवड्यात गोळ्या सोडणारे पुष्कळ असतात.

सोलापुरात ‘सिव्हिल’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या शासकीय सर्वोपचार रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. प्रथम फोनवरच बोलायचे असल्यास केंद्र शासनाने ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू केलेली ‘टेलि-मानस’ सेवा 14416 या क्रमांकावर विनामूल्य उपलब्ध आहे. रुग्णाच्या घरच्यांनाही तेथे बोलता येते.