दस्त्याने कुटलेली कॉफी
मडिकेरीला पोस्टिंग असताना घरी कॉफी ग्राइंडर घ्यायचं ठरलं, तेव्हा अमेरिकेतलं यादवी युद्ध (१८६१-६५) आठवलं. उत्तरेच्या फौजेत १०० शिध्यांमागे १० पौंड कच्ची किंवा ८ पौंड भाजलेली कॉफी मिळे. जवानांना तयार पुडीपेक्षा अख्ख्या बिया पसंत. पुडीत ठेकेदाराने काय मिसळलं असेल, याचा भरवसा नव्हता. बिया ते बंदुकीच्या दस्त्याने कुटत.

आम्हीही बियाच आणतो. पात्याचा ग्राइंडर लहानमोठे तुकडे करतो. दातेरी चकत्यांचा एकसारखं दळतो, जाडीही ठरवता येते. म्हणून तोच घेतला. फिल्टरसाठी मध्यम-बारीक, लागेल तेवढीच दळतो.

शिध्यावर विश्वास नसेल, तर जवान दस्ताही कॉफीसाठी वापरतो. रसद पाठवणाऱ्याने हे विसरू नये.

जय हिंद!