डुक्कर फियाट, पद्मिनी आणि इच्छापोरची आमची वर्षं

सुरतेतल्या मराठी घरांचा इतिहास सांगताना गिरण्या, हिरे, हजिऱ्याचे कारखाने सगळं येतं. दारासमोर उभ्या असायच्या त्या गाड्या तेवढ्या राहून जातात. म्हणून आज फियाटविषयी.

ही गाडी आपल्यासारखीच, दोन प्रांतांची. प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढणारे वालचंद हिराचंद १८८२ साली सोलापुरात जन्मले. घराणं गुजराती, कर्मभूमी मराठी मुलूख. आपण उलट दिशेने आलो, एवढाच फरक. कंपनी १९४४ ची, कारखाना कुर्ल्याला. १९५० च्या दशकात तिथे फियाट ११०० तयार होऊ लागली. तिचं गुबगुबीत रूप बघून लोकांनी नाव ठेवलं 'डुक्कर फियाट'. पुढची दारं उलटी उघडायची, बिजागरी मागच्या बाजूला! १९६४ ला नव्या रूपाची ११०० डिलाइट आली. तीच पुढे प्रेसिडेंट आणि मग पद्मिनी झाली. इंजिन १०८९ सीसीचं, गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला. नंबर लावून लोक वर्षानुवर्षं थांबायचे.

१९८० नंतर हजिरा पट्ट्यात वायू आणि खताचे प्रकल्प आले, तशी खानदेशातली कितीतरी माणसं इकडे नोकरीला आली. आमचे अण्णा त्यातलेच. इच्छापोरला बिऱ्हाड केलं आणि काही वर्षांनी १९८२ चं मॉडेल असलेली सेकंडहँड पद्मिनी घेतली.

दर मे महिन्यात बारडोली, व्यारा, सोनगड, नवापूर करत आम्ही धुळ्याला निघायचो. कोंडाईबारीच्या घाटात गाडी हमखास बंद. दोष कुणाचा नाही. उन्हात पंपाजवळच्या नळीत पेट्रोलची वाफ व्हायची आणि कार्बोरेटरला पेट्रोलच पोचायचं नाही. उपाय एकच, पंपावर ओलं फडकं ठेवून वाट बघायची. आई सावलीत दशम्या सोडायची. येणारा-जाणारा थांबून चौकशी करायचा. धक्का मारायला न बोलावता चार हात यायचे. आता दोनशे किलोमीटर जाताना कुणाशी बोलणं होत नाही.

इच्छापोरचे आमचे मिस्त्री बॉनेट उघडून म्हणायचे, "साहेब, गाडी थाकी गई छे, एने आराम आपो." अण्णांचं गुजराती पक्कं झालं ते त्यांच्याच गॅरेजमध्ये.

खरा शत्रू वेगळाच, खारा वारा. समुद्र जवळ, त्यामुळे दाराखालचा पत्रा आतून सडत जातो. रबर, पार्ट मिळणंही अवघड झालं. मुंबईच्या रस्त्यावरची शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात निवृत्त झाली. २०२१ च्या नियमानुसार पन्नास वर्षांपुढची, मूळ रूपातली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. नंबरात 'व्हीए' अक्षरं येतात. पण ती रोज वापरायची नाही, प्रदर्शनं-रॅलीपुरतीच काढायची. आमची तिथे पोचेल २०३२ ला.

धाकटा भाऊ म्हणतो भंगारात द्या, जागा अडते. अण्णा ऐंशीच्या घरात आहेत. ते म्हणतात, "माझ्यानंतर काय ते ठरवा." सध्या मी दर रविवारी ती सुरू करतो, चोक ओढून, तिसऱ्या-चौथ्या प्रयत्नात.

तुमच्या घरी अशी गाडी असेल, तर निदान तिचं आरसी बुक आणि जुने फोटो जपून ठेवा. आपण इथे कसे रुजलो, याचे तेही कागद आहेत.